अनियमित क्रियापदांवरचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. क्लेगडेन गावाच्या शाळेत इंग्रजी भाषेची शुद्धता टिकवण्याच्या कार्यात माझा वाटा सिंहाचा आहे. हे मी म्हणत नाही. शाळेच्या पंच्याहत्तरीला निघालेल्या पुस्तिकेत माझ्या छायाचित्राखाली तसे छापले आहे. या कार्यात माझ्याकडे सोपवलेले काम एवढेच, की सहावीच्या वर्गात अनियमित क्रियापदांच्या भूतकाळी रूपांचा जो मोठा तक्ता आहे, तो मुलांना दिसू न देणे.

रोज नव्हे. वर्षातून चारच दिवस. मे महिन्यात सहावीच्या सरकारी परीक्षा असतात, आणि भिंतीवर उत्तर सांगू शकेल असे जे काही असेल ते झाकावे किंवा उतरवावे असा नियम आहे. वर्षभर मुलांना बजावायचे, तक्त्याकडे बघा, तक्त्याकडे बघा. आणि ज्या सोमवारी बघण्याचा काही उपयोग, त्या सोमवारी मला ओढून घ्यायचे. यात कोणालाच काही विचित्र वाटत नाही. मलाही पहिली काही वर्षे वाटले नाही. मी कापड आहे, माझ्याकडून तेवढी अपेक्षा नसते.

माझा जन्म याच गावच्या कापडगिरणीत झाला. जाड, सुती, गडद हिरवा. ही गोष्ट जिची आहे त्या नोरीन ब्रियर्लीची आई तिथल्या विणकाम खात्यात विणकर होती, त्यामुळे मला आईनेच विणले असे नोरीन सगळ्यांना सांगे. मला खात्री नाही. खात्यात चारशे माग होते आणि कापडाला जन्माचा दाखला देत नाहीत. मागांचा आवाज मात्र आठवतो. त्या आवाजात माणसाचे बोलणे ऐकू येणे शक्यच नव्हते, म्हणून बाया ओठ मोठे मोठे हलवून, आवाज न काढता बोलत. कोणाचा नवरा कोणाच्या दारात दिसला ही बातमी एका टोकाच्या मागापासून दुसऱ्या टोकाला पोचायला अर्धे मिनिट लागे. ही विद्या नोरीनला आईकडून मिळाली, आणि पुढे शाळेच्या सभांमध्ये तिला ती फार उपयोगी पडली.

गिरणीतून मी शाळेच्या सभागृहात आलो आणि रंगमंचावर लागलो. तीसेक नाताळ मी उघडलो आणि मिटलो. सात वर्षांची नोरीन येशूजन्माच्या नाटकात माझ्यासमोर मेंढी झाली होती. तिला एकच वाक्य होते, आणि ते मेंढीचे असल्यामुळे त्यात क्रियापद नव्हते. तिच्या आयुष्यातला तेवढाच एक जाहीर कार्यक्रम निर्दोष पार पडला.

पुढे गिरणी बंद झाली. सभागृहाला घडीचा रंगमंच आला, त्याला स्वतःचा पडदा होता. मला कचऱ्याच्या गाडीत घालायचे ठरले. तेव्हा नोरीन याच शाळेत वर्गातली मदतनीस म्हणून काम करू लागली होती. ती मला घरी घेऊन गेली, तिने दोनदा धुतले, बरा भाग कापून घेतला, आपल्या यंत्रावर कडा शिवल्या, वर पितळी कड्या लावल्या आणि तक्त्यावरच्या दांडीला अडकवले. आसपासच्या शाळा परीक्षेच्या आठवड्यात भिंतींवर जुनी वर्तमानपत्रे चिकटवत, ती ऐन परीक्षेत सुटून पडत, आणि मुले तक्ता सोडून वर्तमानपत्र वाचत. आमच्याकडे एका हाताने ओढले की झाले. मला पाहायला शेजारच्या शाळांतून माणसे आली. दोन आली.

मित्रांनो, माझी एक बाजू वर्गाकडे असते आणि दुसरी तक्त्याकडे. नाकाला नाक लावून ते चार दिवस मी तक्ता वाचत राही. दुसरे काही करण्यासारखे नव्हते. सी-सॉ-सीन. डू-डिड-डन. गो-वेंट-गॉन. असे एकूण बाहत्तर. ही क्रियापदे मला एखाद्या घरातल्या जुन्या माणसांसारखी वाटत. नियम सगळ्यांना, यांना नाही. कधीमधी लागणारी क्रियापदे शेपटीला एक ठरावीक प्रत्यय लावून निमूट भूतकाळात जातात. पण खाणे, जाणे, येणे, देणे, बघणे, करणे ही रोजची सगळी वाकडी. माणसाला जे रोज लागते तेच सरळ नसते, एवढे तत्त्वज्ञान मला त्या चार दिवसांत सुचले. पाचव्या दिवशी मला बाजूला सारत.

आता क्लेगडेनबद्दल एक सांगायला हवे. या गावात तक्त्यातला तिसरा रकाना दुसऱ्याच्या जागी सर्रास चालतो. पुस्तकात 'आय सॉ' असेल तिथे गाव 'आय सीन' म्हणते. 'आय डिड' असेल तिथे 'आय डन'. खाटीक असेच बोलतो, परिचारिका असेच बोलते, चर्चमध्ये घंटा वाजवणारे असेच बोलतात. लग्ने होतात, मयते होतात, समजुतीचा घोटाळा आजवर एकदाही झालेला नाही. नोरीन तर या बोलीची खाणच होती.

आणि वर्गातली तिची जागा म्हणजे एक बुटकी खुर्ची. ज्या मुलाला वाचता येत नाही, अक्षरे ज्याच्या डोळ्यांपुढे नाचतात, त्याच्या शेजारी ती खुर्ची सरकवून नोरीन बसे. स्वतः तिला अकराव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हते. तेव्हा कोणीतरी असेच शेजारी बसले होते, त्याची परतफेड ती बावीस वर्षे करत होती. कोण उपाशी आले आहे हे तिला दारातूनच कळे. मग खिशातून लोणी लावलेला टोस्टचा तुकडा निघे, आणि त्यानंतर पुस्तक. त्या खुर्चीवरून उठायचे नाही, ही तिची आयुष्यातली एकमेव महत्त्वाकांक्षा होती.

मग मिस्टर लोमॅक्स मुख्याध्यापक म्हणून आले. दक्षिणेकडचे. बूट चकचकीत, आवाज मऊ. त्यांच्या पहिल्याच वर्षी सरकारी तपासनीस आले, नोरीनच्या मागे वीस मिनिटे उभे राहिले आणि अहवालात एक ओळ लिहून गेले: काही प्रौढ व्यक्ती मुलांसमोर प्रमाण इंग्रजीचा आदर्श ठेवत नाहीत. 'काही' म्हणजे नोरीन. तपासनीस येणार म्हटल्यावर बाकीचे गप्प बसले होते.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी, मुले घरी गेल्यावर, मिस्टर लोमॅक्स वर्गात आले. वर्गशिक्षिका मिस थ्वेट वह्या तपासत होती. तिशीही न उलटलेली, मनाने चांगली, आणि चांगुलपणा मनातच ठेवणारी. नोरीन रंगाचे ब्रश धूत होती.

"नोरीन, यात वैयक्तिक काही नाही हं," मिस्टर लोमॅक्स म्हणाले.

"मग माझं काय चुकलं ते सांगून टाका," नोरीन म्हणाली. 'वैयक्तिक काही नाही' हे वाक्य तिने आयुष्यात पुष्कळदा ऐकले होते.

"तुम्ही मुलांशी बोलता ते... कसं सांगू... गावातलं आहे."

"मुलंही गावातलीच आहेत, मिस्टर लोमॅक्स."

"तोच तर मुद्दा आहे. ती गावातली राहू नयेत." त्यांनी तक्त्याकडे हात केला. माझ्याही अंगावरून तो हात गेला. "उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर टांगलंय. मे महिन्यापर्यंत वेळ देतो. मी स्वतः येऊन ऐकेन. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर सप्टेंबरपासून तुम्हाला जेवणघरात घेऊ. तिथेही माणसं लागतातच."

नोरीनने ब्रश झटकले. पाणी त्यांच्या बुटांवर गेले की नाही हे माझ्या जागेवरून दिसले नाही. मिस थ्वेटने एका वहीवर बराच वेळ बरोबरची खूण केली.

आणि मित्रांनो, इथून माझ्या आयुष्यातला एकमेव काळ सुरू होतो, ज्याला मी उपयोगाचा म्हणेन.

रोज साडेतीनला शाळा सुटली की नोरीन माझी कड धरून मला उजवीकडून ओढे. आधी तिसरा रकाना माझ्याखाली जाई, मग दुसरा. उरे पहिला. मग ती समोर उभी राहून एकेक रूप म्हणे, मला थोडे सारून खरे-खोटे बघे, आणि पुन्हा ओढे. इतकी वर्षे मी दुसऱ्याला उत्तर कळू नये म्हणून लोंबत होतो. कोणाला उत्तर यावे म्हणूनही पडदा ओढता येतो, हे मला तेव्हा कळले. अंगावर काटा आला म्हणालो असतो, पण सुताला तशी सोय नाही.

या शिकवणीला एक शिक्षिका होती. केझाया. वय दहा, समोरचे दोन दात पुढे, वाचनाच्या नावाने ठणठणाट, आणि जिभेला मात्र धार. तिची आई बेकरीतून सव्वाचारला सुटे, तोवर केझाया नोरीनजवळ थांबे. दिवसभर बुटक्या खुर्चीवर बसून नोरीन तिला शिकवी. साडेतीननंतर केझाया टेबलावर चढून बसे आणि नोरीनला.

"मिस, 'डू'."

"'डिड', आणि मग 'डन'."

"आणि काल तुम्ही काय केलंत ते सांगायचं झालं तर?"

"काल ना? काल आय डन... थांब, थांब. आय डिड."

"वाचलात. थोडक्यात."

"माझ्या जिभेला सोळाव्या वर्षीच वळण लावायला हवं होतं बघ."

"तेव्हा काय करत होतात?"

"गिरणीत होते, बाळ. तिथं कोणाला ऐकूच येत नव्हतं."

केझायाला तक्ता वाचता येत नव्हता. पण तिने तो नोरीनच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ केला, आणि न वाचता चुका पकडू लागली. दोघींत कोण कोणाला शिकवते आहे हे सांगणे कठीण झाले. कोणी विचारलेही नाही.

गावाने मात्र विचारले. एके दिवशी नोरीन हसत हसतच सांगत आली.

"काल दुकानात मासा-चिप्स आणायला गेले तर माझ्या तोंडातून 'आय सॉ' निघून गेलं. तळणारी ब्रेंडा झारा खाली ठेवून म्हणते कशी, 'काय गं बाई, लॉटरी लागली काय?' मागं रांगेत माझा भाऊ. तो म्हणाला, 'राणीसाहेबांना वाट द्या रे, मासा गार होईल.'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, व्हिनेगर जास्त घाल. त्यात क्रियापद एकच आहे आणि ते भूतकाळी नाही."

केझाया टेबलावर लोळून हसली. नोरीनही हसली. पण नंतर केझाया गेल्यावर ती एकटीच बुटक्या खुर्चीवर बसून राहिली आणि आईसारखे, आवाज न काढता, ओठ हलवत राहिली. मला ओठ वाचता येतात. मी गिरणीतला आहे. 'थ्रो-थ्रू-थ्रोन', असे ती म्हणत होती. मग, 'आई असती तर मला ओळखलं नसतं.' आणि मग पुन्हा, 'ग्रो-ग्रू-ग्रोन'.

एप्रिलच्या शेवटी मिस्टर लोमॅक्स वही घेऊन आले आणि मागच्या बाकावर बसले. नोरीन पंचवीस मिनिटे तीन मुलांशी बोलत होती. कालच्या सहलीविषयी, म्हणजे सगळे भूतकाळात. एक चूक नाही. बोलताना तिचा चेहरा मात्र दात काढायला बसलेल्या माणसासारखा होता. मुलांनी तिला काहीच विचारले नाही, एरवी ती तिला बोलू देत नसत.

"उत्तम!" मिस्टर लोमॅक्स म्हणाले. "डोळे मिटले तर वाटेल लंडनची बाई बोलतेय."

"डोळे उघडू नका मग," नोरीन म्हणाली. बुटकी खुर्ची तिची राहिली होती. त्या दिवशी साडेतीनला तिने पिशवीतून घरचा आल्याचा केक काढला आणि केझायाने त्याचे तीन तुकडे खाल्ले.

मित्रांनो, गोष्ट इथे थांबली असती तर मी तुम्हाला मेहनतीचे फळ गोड असते असे सांगून मोकळा झालो असतो. अशा कथनांमध्ये तसे सांगायची पद्धत आहे. पण मे महिना आला.

परीक्षेच्या सोमवारी सारा वर्ग सभागृहात वेगवेगळ्या टेबलांवर बसला. केझायाला वाचता येत नसल्यामुळे तिला एक सवलत होती: व्याकरणाचा पेपर तिला कोणीतरी वाचून दाखवायचा. ती आणि नोरीन दोघीच आमच्या वर्गात बसल्या. नियम कडक होता. छापले आहे ते जसेच्या तसे वाचायचे. एक शब्द अधिक नाही, एक कमी नाही, कोणत्या शब्दावर जोर नाही, भुवई वर नाही. हे काम नोरीन नऊ वर्षे करत होती आणि तिच्या वाचनाबद्दल कधी तक्रार आली नव्हती. चूक काय आणि बरोबर काय हे तिच्या कानाला सारखेच लागत असल्यामुळे ती छापील मजकूर जसाच्या तसा वाचत असे. या कामाला याहून लायक माणूस मिळणे अवघड होते.

मला सकाळीच ओढले होते. मी ताणून, नीट, कडेपर्यंत उभा होतो. एक अक्षर दिसत नव्हते.

दहाला पाच मिनिटे कमी असताना दार हलकेच उघडले आणि कौंटीच्या कचेरीतून एक बाई आत आली. परीक्षेच्या दिवसांत ही माणसे तपासायला न कळवता येतात. तिने मान हलवून नमस्कार केला, माझ्याजवळ आली, दोन बोटांनी माझी कड उचलून मागे पाहिले, समाधानाने पुन्हा सोडली आणि दाराजवळ बसली. तिच्या हातात तोच पेपर होता.

नोरीन घाबरली नाही. ती उलट जरा ताठ बसली. इतक्या महिन्यांच्या मेहनतीनंतर बाहेरचे कोणीतरी ऐकायला आले होते.

पुढच्या प्रश्नात चार वाक्ये होती. प्रमाण इंग्रजीतले कोणते, त्याच्या चौकटीत खूण करा, एकाच चौकटीत. चारांपैकी तीन वाक्ये मुद्दाम चुकीची छापली होती, म्हणजे क्लेगडेनमध्ये बोलतात तशी. कोणीतरी घरासमोर काहीतरी 'सीन', कोणीतरी काम 'डन', अशी. एकच वाक्य तक्त्याप्रमाणे होते.

नोरीनने पहिले वाक्य वाचले. तक्त्याप्रमाणे. दुसरे वाचले. तक्त्याप्रमाणे. तिसरे, चौथे. सगळी चारही वाक्ये तिच्या तोंडून धुऊन, इस्त्री करून बाहेर पडली. तिला काही कळलेच नाही. डोळ्यांना 'सीन' दिसत होते आणि सहा महिने ताणून बसवलेली जीभ त्याचे आपोआप 'सॉ' करत होती.

केझाया तिच्याकडे पाहत राहिली.

"मिस, परत वाचा ना."

नोरीनने परत वाचले. मागच्यापेक्षाही स्पष्ट.

"पण मिस, ही तर सगळीच बरोबर आहेत."

"मला काही सांगता येत नाही, बाळ," नोरीन म्हणाली. नियमाप्रमाणे. "मी नुसती वाचते."

दाराजवळच्या बाईची पेन्सिल थांबली. तिने आपल्या हातातला पेपर पाहिला, नोरीनकडे पाहिले, पुन्हा पेपर पाहिला. मग तिने एक छोटी नोंद केली. मी ओरडलो असतो. माझ्या अंगाखाली बाहत्तर क्रियापदे होती आणि त्यातले एकही मी बाहेर जाऊ दिले नव्हते. नोरीनच्या तोंडावर मात्र पडदा नव्हता.

पेपर संपल्यावर केझायाला मैदानावर पाठवले. वर्गात ती बाई, मिस्टर लोमॅक्स आणि मिस थ्वेट जमले. नोरीन तिघांसाठी चहा आणायला गेली होती. पाहुणे आले की चहा तीच आणायची.

"पडदा फारच छान आहे," बाई म्हणाली.

"आमच्या शाळेचीच कल्पना," मिस्टर लोमॅक्स म्हणाले.

"वाचन मात्र छापल्याप्रमाणे झालं नाही."

"चुकीचं वाचलं?" मिस्टर लोमॅक्स एकदम म्हणाले. "मला वाटलंच होतं. तिला सांगून सांगून मी..."

"नाही, नाही. बरोबर वाचलं."

"मग?"

"तीच तर अडचण आहे," बाई म्हणाली.

नोरीन ट्रे घेऊन आत आली. बिस्किटे चांगली होती, चॉकलेटची, पाहुण्यांसाठीची. मिस्टर लोमॅक्सनी तिच्यापुढे पेपर ठेवला.

"नोरीन, हा प्रश्न वाचा. इथे काय छापलंय ते."

नोरीनने चष्मा लावला आणि चारही वाक्ये वाचली. चारही बरोबर.

"छापलंय ते, नोरीन."

"अहो, मग काय वाचतेय मी? हेच छापलंय की!"

"बोट ठेवून वाचा."

तिने बोट ठेवले. लहान मुलांना ती शिकवी तसे, एकेका शब्दाखाली. पहिल्या वाक्याच्या मधोमध बोट थांबले. बराच वेळ ते तिथून हलले नाही. चहावर साय धरू लागली.

"अगबाई," नोरीन म्हणाली.

मग तिने चष्मा काढला. "पण मिस्टर लोमॅक्स, तुम्हीच तर सांगितलं होतंत. सहा महिने. माझ्या तोंडातून दुसरं येतच नाही हो आता."

"मी तुम्हाला तसं बोलायला सांगितलं होतं," मिस्टर लोमॅक्स मऊ आवाजात म्हणाले. "वाचायला नाही."

मिस थ्वेटने सांगायला हवे होते की ही बाई रोज साडेतीनला थांबत होती, की नऊ वर्षांत एकही तक्रार नव्हती, की चूक कोणाची आहे हे इतके उघड आहे. तिने तोंड उघडलेही. मग ती खिडकीतून मैदानाकडे पाहू लागली आणि म्हणाली, पाऊस येईल असे वाटते. तो या गावात रोजच येतो.

फॉर्म भरला गेला. उमेदवाराला बाहेरून मदत मिळाली, असा एक रकाना त्यात होता आणि त्यात खूण झाली. केझायाचा पेपर वेगळ्या पाकिटात गेला आणि त्या पेपरचे सगळे गुण रद्द झाले. सहा महिने दुपारचे तक्ता ऐकून ती जे शिकली होती ते तिच्याकडेच राहिले. दाखवायला जागा उरली नाही. नोरीनबद्दलचे पत्र जून महिन्यात निघाले. सप्टेंबरपासून जेवणघर. पत्राची भाषा निर्दोष होती, मी सांगतो, कारण ते तिने माझ्यासमोर उभे राहून वाचले, बोट ठेवून.

जाताना तिने बुटकी खुर्ची पुसली आणि टेबलाखाली सरकवली. केझाया दारात उभी होती.

"मिस, माझ्यामुळे झालं का?"

"तुझ्यामुळे काय होणार आहे, दीडदमडीची पोर तू! तू मला शिकवलंस. जास्तच शिकवलंस, एवढंच."

"आता जेवणघरात काय बोलणार?"

"'ग्रेव्ही घालू का?' त्यात अजून तरी भूतकाळ नाही," नोरीन म्हणाली, आणि केझायाचे नाक स्वतःच्या रुमालाने पुसले.

मित्रांनो, सध्या मी खेळाच्या सामानाच्या कपाटात असतो. वर्गात आता मोठा पडदा आहे, विजेचा; बटण दाबले की तक्ता दिसतो, बटण दाबले की जातो. मला वास मारणारे बूट आणि फुटके चेंडू यांच्यावर टाकले आहे. एका कोपऱ्याला कसर लागली आहे. पावसाळी दिवशी कपाटाचे दार उघडे राहिले तर जेवणघरातला आवाज येतो. नोरीन तिथे बोलते. 'सॉ' म्हणते की 'सीन', हे भांड्यांच्या आवाजात ऐकू येत नाही.

रिवाजाप्रमाणे मी आता तुमच्याकडे काहीतरी मागितले पाहिजे. जुने कापड धुवून, घडी घालून, कडुलिंबाचा नाही मिळाला तरी लव्हेंडरचा पाला घालून ठेवा, एवढे म्हणू शकतो. आणि एखाद्याची जीभ दुरुस्त करायला घ्याल, तर त्या जिभेने तो दिवसभर काय काम करतो ते आधी बघा. दुरुस्ती ही फार पूर्ण होऊ शकते.

बाकी त्या पेपरचे एक राहिले. पाकीट बंद करण्याआधी कौंटीच्या बाईने केझायाचे ते पान उघडून पाहिले होते, मिळालेल्या मदतीचा किती फायदा झाला ते नोंदवण्यासाठी. केझायाने चारही चौकटींत खुणा केल्या होत्या. अशा उत्तराला शून्य गुण असतात.